पेठ जगली तर पेढी जगेल

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी व्यापारविषयक चार विचार लिहावेत, अशी कार्यकारी मंडळाची इच्छा दिसली. म्हणून हा लेखनप्रपंच. तेजीमंदीचा आढावा दुसरे बंधू घेतीलच. आम्हांस बोलावयाचे आहे ते पेठेविषयी. म्हणजे मोपा, वारखंड, कासारवर्णे, उगवे, चांदेल या गावांतील रस्त्याकडेच्या लहान दुकानांविषयी, आणि ही गावे पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या आधाराने राहिली त्या पेडण्याच्या बाजाराविषयी. या पेठेला उतरती कळा लागली आहे, हे कोणी नाकारणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, तिला सावरण्याचे कर्तव्य कोणाचे?

मोप्याच्या पठारावर 11 डिसेंबर 2022 रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून विमानांची ये-जा सुरू झाली. त्या वेळी आपल्यापैकी पुष्कळांस वाटले की, आता लक्ष्मी पायांनी चालत दारी येणार. तसे घडले नाही, आणि घडावयाचेही नव्हते. 2024 मध्ये धारगळच्या बाजूने महामार्गास मिळणारा उंच जोडरस्ता झाला. विमानातून उतरलेला प्रवासी त्या रस्त्याने थेट महामार्गास लागतो. आपल्या पेठेचे छप्परदेखील त्याच्या दृष्टीस पडत नाही.

परंतु तो दृष्टीस पडला असता तरी काय झाले असते? प्रवासी फार तर पाण्याची बाटली आणि काजूची पिशवी घेतो. तो पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. उलट गावातील एक कुटुंब वर्षातून बारा वेळा वाणसामान भरते, आणि त्या कुटुंबातील मुलगी लग्न होऊन शेजारच्या गावी गेली म्हणजे आणखी एक खाते वाढते. बाजार हा जाणाऱ्या माणसावर जगत नाही, परत येणाऱ्या माणसावर जगतो, हे धान्याच्या व्यापाऱ्यास कोणी शिकवावयास नको.

विमानतळाने परत येणारी माणसेही आणली आहेत. त्यांच्याकडे मात्र आपले लक्ष गेलेले नाही. पहारेकरी, सामान चढविणारे, गाडीवान, सफाई कामगार, उपाहारगृहांतील आचारी अशी नाना प्रांतांची माणसे आसपासच्या गावांत खोल्या घेऊन राहिली आहेत. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था झाली, तिचे विद्यार्थी, नोकरवर्ग आणि रुग्णांचे नातेवाईक आहेत. ही माणसे दोन वेळा जेवतात. कोणाला गव्हाचे पीठ हवे, कोणाला मोहरीचे तेल, कोणाला बारीक तांदूळ. आपल्या गावच्या पसरकाराकडे उकडा तांदूळ, गूळ आणि नारळ मिळतो, हे उत्तमच. पण या नव्या गिऱ्हाइकाच्या जिनसा त्याने ठेवल्या नाहीत, तर ते मोबाइलवरून माल मागविणार किंवा म्हापसा गाठणार.

म्हापशाचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्या गावाच्या नावातच ‘माप’ आहे, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. तेथील शुक्रवारचा बाजार आजही भरतो, तो कोणाच्या जाहिरातीमुळे नव्हे. कुंभाराची मडकी कोठे, फुले कोठे, मिरची कोठे, हे गिऱ्हाइकास डोळे मिटून सांगता येते, आणि शुक्रवारी गेले तर चार ओळखीची माणसे भेटतात. खरेदी आणि भेट या दोन गोष्टी जेथे एकत्र घडतात, तेथे बाजार टिकतो.

पेडणे महालाने व्यापाराचे पुष्कळ चढउतार पाहिले. खंडी-कुडवाच्या मापाने भात मोजण्याचा काळ गेला. 1961 पूर्वी पत्रादेवी ही परक्या राज्याची सीमा होती. आर्थिक नाकेबंदीच्या वर्षांत पलीकडच्या बांद्याहून उघडपणे माल येणे बंद झाले होते. 19 डिसेंबर 1961 नंतर वाट मोकळी झाली आणि घाटावरचे धान्य येऊ लागले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि करनाक्यावरील मालगाड्यांची रांग संपली. प्रत्येक वेळी वाट मोकळी झाली, तेव्हा माल स्वस्त झाला. त्याचबरोबर लहान दुकानदाराची भिंतही थोडी खचली. आता तर भिंतच उरलेली नाही. दूरच्या गोदामातील माल त्याच्या गिऱ्हाइकाच्या उंबरठ्यावर येऊन पडतो.

मग लहान दुकानदाराजवळ राहिले काय? आमच्या मते तीन गोष्टी राहिल्या: चोख माप, ओळखीची उधारी आणि गावाचा सण. या तिन्हींत आपला संघ त्याला बळ देऊ शकतो.

प्रथम मापाविषयी. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगताना हीनाधिक मानोन्मान, म्हणजे कमीजास्त मापे वापरणे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे भेसळ, यांची स्पष्ट गणना केली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात व्यापाऱ्याच्या तागडीचा असा विचार झाला, ही आपल्या समाजाची मिरास होय. 18 जुलै 2022 रोजी 25 किलोपर्यंतच्या लेबलबंद धान्यावर 5 टक्के कर बसला, तेव्हा गिऱ्हाइकासमोर तोलून दिलेले सुटे धान्य त्यातून वगळले गेले. चोख तागडीची ही जमेची बाजू आहे. ज्या दुकानात डाळ हातात घेऊन पाहता येते आणि खराब निघाली तर परत देता येते, त्या दुकानाशी गोदामाला सहज स्पर्धा करता येत नाही.

दुसरी गोष्ट उधारीची. आणि येथे आम्ही स्पष्ट बोलतो, कोणी राग मानू नये. गावचा पसरकार मजुराला आठवड्याची उधारी देतो, कारण घाऊक पेढी त्याला महिन्याची देते. ही साखळी तुटली की पेठ तुटते. अलीकडे काही घाऊक पेढ्यांच्या दारात पोते फोडून किलो-दोन किलोंची विक्री होते. त्या दिवसाचा गल्ला भरतो, यात शंका नाही. परंतु ज्या पसरकाराला आपण सकाळी पोते विकले, त्याचेच गिऱ्हाईक आपण संध्याकाळी ओढून घेतो. तो बसला की पुढच्या वर्षी आपले पोते कोण उचलणार? यास्तव घाऊक पेढीने दारात पोते फोडू नये, असा ठराव संघाने करावा, अशी आमची जाहीर सूचना आहे. त्याचबरोबर चारपाच पसरकारांनी मिळून मागणी केली, तर पूर्ण गाडीचा भाव त्यांना द्यावा आणि माल एका फेरीत गावोगाव पोहोचवावा. यात दानधर्म नाही, शुद्ध व्यवहार आहे.

तिसरी गोष्ट सणाची. बाजारास ऊर्जितावस्था आणण्यासाठी उत्सव करावेत, असे हल्ली सर्वत्र बोलले जाते. परंतु कोणता उत्सव? इंग्लंडात ओस पडणाऱ्या बाजाररस्त्यांविषयी मेरी पोर्टस या बाईंनी 2011 मध्ये सरकारला अहवाल दिला. 2012 मध्ये निवडलेल्या पहिल्या बारा गावांना मिळून सुमारे 12 लाख पौंड मिळाले. मेळे झाले, रंगरंगोटी झाली. तरीही काही वर्षांनी त्यांतील अनेक गावांत दुकानांची संख्या घटलेलीच आढळली. उलट आपल्या शेजारची सावंतवाडीची चितारआळी पाहा. लाकडी फळांची आणि खेळण्यांची ती आळी आजही गावाची ओळख आहे, कारण माल तेथलाच आहे आणि हातही तेथलेच आहेत. तात्पर्य, बाहेरून आणलेला मेळा मांडव सुटताच संपतो; गावच्या पंचांगातला सण दरवर्षी आपल्या पायांनी परत येतो.

असे सण आपल्याकडे आहेत. उन्हाळ्यात पावसाळ्याची बेगमी, ज्यास आपल्याकडे पुरुमेंत म्हणतात, करण्याची घरोघरी चाल होती. एप्रिल-मे महिन्यांत पेडण्यात चार दिवसांचा पुरुमेंताचा बाजार भरवावा. उकडा तांदूळ, डाळी, गूळ, चिंच, आमसोल, हळद आणि भौगोलिक मानांकन मिळालेली हरमलची मिरची एका रांगेत मांडावी. घाऊक पेढ्यांनी माल द्यावा, विक्री पसरकारांनी आणि शेतकऱ्यांनी करावी.

पुढे चतुर्थी. माटोळीचा बाजार म्हणजे सुपारीचे घड, नारळ, चिबूड आणि रानची नाना फळे घेऊन आलेल्या खेड्यांतील बाया. त्यांना बसावयास सावली, पिण्यास पाणी आणि दुकानाच्या ओट्यावर जागा द्यावी. येथे एक अडचण आहे: हाच काळ पर्युषणाचा. श्वेतांबर बंधूंचे आठ दिवस चतुर्थीच्या सुमारास संपतात, तर दिगंबर बंधूंचे दशलक्षण तेव्हाच सुरू होते. म्हणून त्या दिवसांची व्यवस्था गावच्या तरुण मंडळींवर सोपवावी आणि खर्च संघाने आधीच देऊन ठेवावा. पर्युषणात याहून उचित दान कोणते?

त्यानंतर कोजागरीला पेडण्याची पुनव. भगवतीच्या देवळापुढील दोन दगडी हत्तींसमोर गोव्यातून आणि महाराष्ट्रातून लोटणारी गर्दी कोणी निमंत्रण देऊन बोलावीत नाही. त्या दिवशी आपल्या दुकानांपुढचा रस्ता स्वच्छ असावा, खाजेवाल्यांची रांग नीट लागावी, म्हाताऱ्यांना टेकावयास बाक असावेत. आणि जत्रांच्या हंगामात दशावताराचा एक खेळ दरवर्षी एकेका गावी संघाच्या खर्चाने व्हावा. पहिला मोप्यास व्हावा, असे आम्हांस वाटते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जमिनीचे भाव चढले असताना दुकान चालविण्यात हशील काय? गाळा बंद ठेवून गिऱ्हाईक पाहावे, हे बरे. आम्ही म्हणतो, विकण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. परंतु बंद फळ्या शेजारच्या उघड्या दुकानाचेही गिऱ्हाईक घालवितात. विकावयाचे तेव्हा विकावे, तोवर एखाद्या होतकरू तरुणास माफक भाड्याने द्यावे. दुसरा आक्षेप, मुले धंद्यात येत नाहीत. ती ओस पडलेल्या पेठेत येणारच नाहीत. गजबजलेल्या पेठेत कदाचित येतील.

आपल्यापैकी कोणाचे पूर्वज मारवाडातून आले, कोणाचे गुजरातेतून, कोणाचे बेळगाव-कोल्हापुराकडून. या भूमीने आपणांस परके मानले नाही. डिचोली महालातील कुडणे गावी एका जैन देवालयाचे अवशेष आहेत. लोक त्यास गुजीर म्हणतात, आणि त्या नावात गुर्जर व्यापाऱ्यांची स्मृती असावी, असे मानले जाते. कोणे एके काळी तेथे आपल्यासारखेच व्यापारी असतील, त्यांनी भक्तीने देवालय उभारले असेल. आज दगड आहेत. पेठ नाही, पेढी नाही, नित्य पूजा करणारेही कोणी नाही. देवालये आपण आजही बांधतो आणि बांधावीत. परंतु भोवतालची पेठ जिवंत असेल तरच त्यांत दिवा लावणारे हात राहतील, याचा विचार संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेत अवश्य व्हावा, अशी सर्व बंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र.