चित्रपट मुलांचा आहे, म्हणून मुलांसाठी योग्य आहे का?

सुट्टी लागली की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : 'हा पिक्चर मुलांना दाखवायला चालेल ना?' उत्तरेही ठरलेली असतात. कुणी म्हणते, 'कार्टूनच तर आहे, काय होतंय!' कुणी म्हणते, 'सिनेमे मुलांना दाखवूच नयेत.' ही दोन्ही उत्तरे चित्रपट न पाहता देता येतात, हीच त्यांची अडचण आहे.

मग आपण प्रमाणपत्राकडे पाहतो. आपल्याकडे १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे लोकांच्या भाषेत सेन्सॉर बोर्ड, चित्रपटांना प्रमाणपत्र देते. 'यू' म्हणजे सर्वांसाठी, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १९८३ पासून या दोहोंच्या मध्ये 'यूए' आले : बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा चित्रपट. २०२३च्या दुरुस्तीने त्याचे तीन भाग केले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ही सुधारणा चांगलीच आहे. सात वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांना एकाच टोपलीत घालण्यात अर्थ नव्हता.

पण याच दुरुस्तीत एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. हे वयाचे आकडे पालकांनी विचार करावा म्हणून आहेत. पालकांशिवाय दुसऱ्या कुणी त्यांची सक्ती करायची नाही. म्हणजे मंडळ इशारा देते, पण निर्णय आपल्यावर सोडते. आपण मात्र तो निर्णय पुन्हा आकड्यावरच ढकलतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नको ते आपोआप बाजूला काढणारे फिल्टर लिहिणे हा आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रकार. फिल्टरला जे मोजता येते तेच दिसते : अमुक शब्द आहे का, अमुक चित्र आहे का. २०१७ साली यूट्यूबवर असे असंख्य व्हिडिओ उघडकीला आले, ज्यांत मुलांच्या ओळखीची कार्टून पात्रे होती, भडक रंग होते, शीर्षकेही बालगीतांसारखी होती. आत मात्र मारहाण आणि किळसवाणे प्रकार होते. यंत्राने पात्रे ओळखली आणि व्हिडिओ मुलांच्या रांगेत लावले. आपण पोस्टरवरचे हसरे अस्वल पाहून 'चालेल' म्हणतो, तेव्हा आपणही त्या यंत्राइतकेच पाहिलेले असते.

चित्रपटात काय काय आहे याची यादी करणे सोपे आहे. तो चित्रपट त्या गोष्टींचे पुढे काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

भीतीचे उदाहरण घेऊ. २०१६ साली 'द जंगल बुक'ला आपल्याकडे 'यूए' मिळाले, तेव्हा मंडळाची खूप थट्टा झाली. मोगलीची गोष्ट ऐकत मोठे झालेल्यांना ते हास्यास्पद वाटले. मला ते तितके चुकीचे वाटत नाही. अंधाऱ्या थिएटरात, थ्रीडी चष्म्यातून, शेरखान अंगावर झेपावतो तेव्हा चार वर्षांच्या मुलाला बसणारा धक्का खरा असतो. तोच चित्रपट घरी, दिवा लावून, आईच्या मांडीवर बसून पाहिला तर वेगळा ठरतो. प्रमाणपत्र चित्रपटाला मिळते. मूल मात्र तो एका खोलीत, एका वेळी, कुणाच्या तरी शेजारी बसून पाहत असते.

आणि भीती किंवा दुःख आहे म्हणून चित्रपट वाईट, असेही नाही. १९९४च्या 'द लायन किंग'मध्ये छोटा सिंबा मेलेल्या बापाला उठवायचा प्रयत्न करतो. मुलांच्या चित्रपटांत याहून जड प्रसंग थोडेच असतील. त्यात काका त्याला पटवून देतो की दोष तुझाच. पण चित्रपट त्याला त्या अपराधी भावनेत सोडून देत नाही. त्याला मित्र मिळतात, वेळ मिळतो, शेवटी सत्य कळते. घरात मृत्यू पाहिलेल्या मुलाला असा चित्रपट बोलायला शब्द देऊ शकतो. नुकताच कुणाचा मृत्यू पाहिलेल्या दुसऱ्या मुलाला तोच आज नकोसा होईल. कोणते मूल कोणत्या स्थितीत आहे, हे त्याच्या घरच्यांनाच माहीत असते.

आता हसण्याकडे येऊ, कारण तिथे आपण सर्वांत कमी सावध असतो. गेल्या दिवाळीत टीव्हीवर एक विनोदी चित्रपट लागला होता. त्यात रक्ताचा थेंब नव्हता, शिवी नव्हती, आक्षेपार्ह दृश्य नव्हते. एक पात्र तोतरे बोलत होते आणि दर वेळी लोक हसत होते, एवढेच. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या आवारात चार-पाच मुले तशी नक्कल करत फिरत होती. त्यांच्यातला एक मुलगा खरोखरच अडखळत बोलतो. तो पुढचे दोन दिवस खाली खेळायला आला नाही. या चित्रपटाला कुठल्याही यादीत शून्य गुण मिळाले असते, म्हणजे 'धोका नाही' असेच म्हटले गेले असते.

कुणाच्या रंगावर, जाडीवर, बोलण्यावर, गरिबीवर हसायचे, हे मूल भाषणातून शिकत नाही. सगळे हसले म्हणून तेही हसते. समाजाला हे उशिरा कळते. 'मेरी पॉपिन्स' हा १९६४चा चित्रपट ब्रिटनमध्ये साठ वर्षे अगदी लहानांसाठीच्या 'यू' वर्गात होता. २०२४ साली तिथल्या मंडळाने तो पालकांच्या मार्गदर्शनाच्या वर्गात टाकला. कारण होते एकच : दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई लोकांना हिणवणारा एक जुना शब्द त्यात येतो. चित्रपट बदललेला नव्हता, ऐकणारे कान बदलले होते.

'अलादीन'ची गोष्ट आपल्या घरांना अधिक जवळची आहे. १९९२च्या या डिस्ने चित्रपटाच्या सुरुवातीच्याच गाण्यात अरब देशात लोक कान कापतात, अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतल्या अरब समाजाच्या संघटनेने आक्षेप घेतल्यावर १९९३च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली गेली. तो प्रदेश 'रानटी' आहे असे सांगणारा शब्द मात्र तसाच राहिला. तो गेला २०१९च्या नव्या चित्रपटात. आणखी एक गोष्ट गाण्याइतकी पटकन लक्षात येत नाही : मूळ चित्रपटात नायक-नायिका अमेरिकन उच्चारात बोलतात, तर पहारेकरी आणि फेरीवाले जाड परदेशी उच्चारात. सगळे एकाच गावचे! माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, "अब्बू, वाईट लोकच असे का बोलतात?" मला तो चित्रपट बंद करावासा वाटला नाही, कारण गालिचा आणि जिनी तिला फार आवडले होते. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे चित्रपट पाहण्याइतकेच गरजेचे होते, आणि त्यासाठी शेजारी कुणीतरी असणे गरजेचे होते.

या सगळ्याची कसोटी आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये लागली. मुलांसाठी माजिद माजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) दाखवायचे ठरले. एका ताईंनी स्पष्ट विरोध केला. "त्यात मुलगा आई-वडिलांपासून गोष्ट लपवतो. आपली मुले हेच शिकणार का?" आक्षेप खरा होता. अली दुरुस्त करून आणलेले बहिणीचे बूट हरवतो, घरी सांगत नाही, आणि दोघे भावंडे त्याच्या एकाच जोडीवर शाळा निभावतात. सकाळची शाळा सुटली की झहरा गल्लीबोळांतून धावत येते, अली तेच बूट घालून दुपारच्या शाळेत धावतो. यादी करायची तर लपवाछपवी, गरिबी, ओरडा, रडणे असे सगळेच त्यात आहे.

पण चित्रपट त्याचे करतो काय? मुले गप्प राहतात कारण वडिलांकडे पैसे नाहीत, हे त्यांना कळते. लपवण्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. अलीला रोज उशीर होतो, ओरडा बसतो. हरवलेले बूट दुसऱ्या मुलीच्या पायात दिसतात. दोघे तिच्या घरापर्यंत जातात, तिचे वडील अंध आहेत हे पाहतात आणि एक शब्द न बोलता परततात. घरी वडील मशिदीसाठी साखरेचे खडे फोडत बसलेले असतात. समोर एवढी साखर असूनही ते स्वतःच्या चहाला त्यातला खडा घेत नाहीत, कारण ती अमानत आहे. प्रामाणिकपणावर तासभर भाषण दिले तरी मुलांपर्यंत एवढे पोहोचणार नाही.

ताईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला कळतं, मुलांना कळेल कशावरून?" प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर मुलांकडूनच घ्यायचे ठरले. चित्रपट फारसी, एक शिक्षिका मधूनमधून मराठीत सांगत होत्या. संपल्यावर अर्धा तास गप्पा झाल्या. एक मुलगा म्हणाला, "त्याने अम्मीला सांगायला हवं होतं, अम्मीने काहीतरी केलं असतं." एक मुलगी म्हणाली, "अम्मी तर आजारी होती ना." वाद रंगला. अली शर्यतीत पहिला येऊनही का रडतो, यावर तर सगळ्यांना बोलायचे होते. ताईंचे पूर्ण समाधान झाले असे नाही. पुढचा चित्रपट आधी मी पाहणार, असे त्या म्हणाल्या. मला ते फार आवडले. पालकांनी नेमके हेच करायला हवे.

काही घरांत सिनेमाच नको म्हणतात. त्यांची काळजी मी समजू शकतो. पण फोन आज प्रत्येक घरात आहे. बंदी घातलेले मूल पाहायचे थांबत नाही. ते एकटे पाहते आणि मग विचारतही नाही.

म्हणून चित्रपट निवडताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत. भीती दाखवल्यावर चित्रपट मुलाला तिथून बाहेर काढतो का? हसू कुणाच्या जिवावर येते? वाईट माणूस त्याच्या कृतीवरून वाईट ठरतो, की रंग, कपडे आणि बोलीवरून? आणि चौथा : माझ्या मुलाला आज, या दिवसांत, हे पेलेल का? चौथ्याचे उत्तर कुठलेही मंडळ देऊ शकत नाही.

मुलांसाठी चित्रपट बनवायला १९५५ साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. चांगले बालचित्रपट आपसूक घरी येतील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. पण परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' आहे, अविनाश अरुणचा 'किल्ला' आहे. मोहल्ल्यातल्या वाचनालयात, शाळेत, इमारतीच्या हॉलमध्ये महिन्याला एक चित्रपट दाखवता येतो. त्याला एक प्रोजेक्टर, एक चादर आणि आधी तो पाहून ठेवणारा एक मोठा माणूस लागतो. चित्रपट संपल्यावर दिवे लावून लगेच घरी पाठवू नका. मुलांना अर्धा तास बोलू द्या.