आकाशातील डोळा आणि ग्रामसभेचा हक्क

भूगर्भातील संपत्तीचा माग आता आकाशातून काढला जातो. प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशातील ठराविक तरंगलांबीचे किरण शोषून घेते. लोहाची ऑक्साइडे ०.९ मायक्रॉनच्या आसपास, तर तांब्या-सोन्याच्या साठ्यांभोवती उष्ण द्रवांमुळे बदललेल्या खडकांतील चिकणमातीची खनिजे २.२ मायक्रॉनजवळ आपली खूण ठेवतात. मानवी डोळ्याला अदृश्य असलेली ही खूण उपग्रह टिपतो. १९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट अवकाशात गेला, १९८८ साली भारताचा आयआरएस-१ए. पूर्वी ज्या मुलखाची पाहणी करण्यात वर्षे जात, त्यातील शोधयोग्य टापू आता अल्पावधीत निश्चित करता येतात.

या विद्येचे स्वागतच केले पाहिजे. तिचे अवडंबर मात्र माजवू नये. हे किरण जमिनीच्या वरच्या पापुद्र्यापलीकडे पोचत नाहीत. दाट जंगल आणि मातीचा थर खडकाची खूण झाकून टाकतात. साठा आहे की नाही, याचा निवाडा अखेर भूवैज्ञानिकाचा हातोडा आणि वेधनयंत्रच करते. तरीही कोठे खोदावे हे ज्याला प्रथम कळते, त्याच्या हाती सौद्याचे पारडे जाते. प्रश्न विज्ञानाचा नाही, मालकीचा आहे.

हा प्रश्न तिसऱ्या जगातील राष्ट्रांनी वेळीच ओळखला होता. आपल्या भूमीची माहिती आपल्या संमतीवाचून घेतली अगर वाटली जाऊ नये, अशी मागणी लॅटिन अमेरिकेतील देशांनी संयुक्त राष्ट्रसंघात केली. १९८६ साली संमत झालेल्या तत्त्वांत संमतीची अट आली नाही. वाजवी किमतीत माहिती मिळण्याचा हक्क तेवढा पदरात पडला. दरम्यान १९८४ च्या कायद्याने अमेरिकेने लँडसॅटच्या व्यापाराचे दार खासगी भांडवलाला उघडून दिले होते. २००८ पासून ही चित्रे विनामूल्य झाली. परंतु चित्र फुकट मिळाले, म्हणून ते वाचण्याची यंत्रणा आणि खोदण्याचे भांडवल फुकट मिळत नाही.

जो न्याय राष्ट्रांनी महासत्तांपाशी मागितला, तोच देशांतर्गत आदिवासी गावाला नाकारला जात आहे. २०२३ च्या दुरुस्तीने २९ खनिजांच्या शोधाचे परवाने लिलावाने खासगी कंपन्यांना खुले केले. शोध लागल्यास पुढील खाणपट्ट्याच्या लिलाव-रकमेत शोधकाला वाटाही ठेवला. ज्या गावाच्या जमिनीवर शोध चालायचा, त्याला काय? १९९६ च्या पेसा कायद्याने खाणपरवान्यापूर्वी ग्रामसभेची अगर पंचायतीची शिफारस बंधनकारक केली, ती केवळ गौण खनिजांपुरती. लोह, तांबे, बॉक्साइट त्या तरतुदीबाहेरच राहिले. ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ साली बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला खरा. पण त्यासाठी डोंगरिया कोंधांना वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मिळवावा लागला.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक पैशाने झालेल्या सर्वेक्षणाचे नकाशे, गडचिरोली असो वा बस्तर, लिलावाच्या जाहिरातीपूर्वी संबंधित ग्रामसभेपुढे तिच्या भाषेत, समजावून ठेवले जावेत. शोधाच्या परवान्यालाही, खनिज कोणतेही असो, तिची संमती आवश्यक ठरावी. कार्यकर्त्यांनीही हे नकाशे वाचण्यास शिकले पाहिजे. खाणीचे यंत्र गावाच्या शिवेवर आल्यानंतर मोर्चा काढणे भागच पडते. परंतु नकाशावर पहिली रेघ ओढली जाते, तेव्हाच गाव जागे असेल तर अर्धी लढाई तेथेच जिंकली जाईल.