तारीख पुढे सरकते, डोंगर खाली येतो

ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशचतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री, विरार येथील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली अनधिकृत इमारतीचा एक भाग कोसळला आणि १७ जणांचा बळी गेला. त्यानंतरचा क्रम महाराष्ट्राला आता तोंडपाठ झाला आहे. मंत्र्यांची भेट, मदतीची घोषणा, विकासकाला अटक, चौकशीचे आदेश आणि सर्व अनधिकृत इमारतींचे सर्वेक्षण करण्याचे आश्वासन. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याच्या शिळफाटा परिसरात लकी कंपाऊंडमधील इमारत कोसळून ७४ जण ठार झाले, तेव्हाही हेच सारे घडले होते. वनजमिनीवर अवघ्या काही महिन्यांत सात मजले चढले, आठव्याचे काम सुरू होते आणि खालच्या मजल्यांवर संसार थाटले गेले होते. त्या प्रकरणात पालिकेचे अधिकारी, पोलीस आणि लोकप्रतिनिधी यांनाही अटक झाली. म्हणजे जे घडले ते कोणाच्या नजरेआड घडले नव्हते. मग बारा वर्षांत बदलले काय, हा प्रश्न आज समाजाने उच्चरवाने विचारला पाहिजे.

इमारत काही रात्रीतून उगवत नाही. तिच्यासाठी वाळू येते, सळई येते, पाण्याचे टँकर येतात, रस्त्यावर खडीचे ढीग पडतात. प्रभागातील बीट मुकादमापासून सहायक आयुक्तापर्यंत, तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत प्रत्येकाला ती दिसते. दिसत नाही ती केवळ कागदावर! आपल्या व्यवस्थेचा खरा रोग येथे आहे. कायदा नाही, अशी आपली अवस्था मुळीच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ पासून अस्तित्वात आहे आणि विनापरवाना बांधकाम थांबविण्याचे, पाडण्याचे व दोषींवर खटले भरण्याचे अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत दिलेले आहेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून भूवापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन हा नागरी स्वराज्य संस्थांचा विषय ठरविला, तर त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत मृदसंधारण हा विषय पंचायतींच्या यादीत आला. भूमीवर काय उभे राहावे आणि भूमी जागेवर कशी राहावी, या दोन्हींची राखण घटनेने स्थानिक स्वराज्याच्या हाती सोपविली आहे. राखणदाराच्या हाती काठी आहे. प्रश्न आहे तो ती उचलण्याच्या इच्छेचा.

ही इच्छा मारणारे सर्वांत मोठे शस्त्र म्हणजे नियमितीकरणाची तारीख. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये झाला, तेव्हा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या तुकड्यांना व त्यांवरील बांधकामांना एकवार अभय देऊन पुढे शिस्त लावू, असे सांगण्यात आले. उल्हासनगरसाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात नवे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी तडजोडीचे दार उघडले. २०२१ मध्ये गुंठेवारीचीच मर्यादा एकदम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणून ठेवली. झोपड्यांच्या संरक्षणाची तारीख १९९५ वरून २००० वर आणि तेथून २०११ वर सरकली. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. तारीख मात्र सर्वांनीच पुढे ढकलली. यातून बेकायदा बांधकाम करणाऱ्याला एकच धडा मिळतो. आज बांधा, माणसे भरा आणि पुढच्या तारखेची वाट पाहा. कायदा मोडणाऱ्याला कायदाच मुहूर्त काढून देत असेल, तर नियम पाळून, नकाशा मंजूर करून घेऊन, विकास शुल्क भरून घर बांधणारा सामान्य गृहस्थ हाच या राज्यात मूर्ख ठरतो. प्रामाणिक माणसाला मूर्ख ठरविणारी व्यवस्था फार काळ टिकत नाही.

त्यावर कडी केली ती कराने. महानगरपालिका अधिनियमानुसार अवैध बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती आकारण्याची तरतूद होती. या आकारणीमुळे बांधकाम वैध ठरत नाही, असे कायदाच सांगतो. व्यवहारात मात्र पालिकेला वसुली मिळाली, रहिवाशाला पावती मिळाली आणि पावती हाच वैधतेचा दाखला समजला गेला. पिंपरी-चिंचवडमध्ये ही शास्ती हा निवडणुकीचा विषय बनला आणि अखेर २०२३ मध्ये ती माफही झाली. जे पाडायचे होते त्यावर आधी कर लावला, मग तो कर माफ केला. बांधकाम जागच्या जागी राहिले. यालाच शासन म्हणायचे का?

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गांभीर्याने ऐकला पाहिजे. गरिबाने जायचे कोठे? मुंबई, ठाणे, पुणे येथे मंजूर इमारतीतील घर ज्याच्या आवाक्यात नाही, त्याने आकाशाखाली राहायचे का? प्रश्न रास्त आहे. परंतु बेकायदा इमारत हे त्याचे उत्तर नाही. ती गरिबाची सर्वांत क्रूर फसवणूक आहे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या भूखंडावर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या प्रारंभी त्या पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनी घरे फुकट बळकावली नव्हती. पै पै जोडून, दागिने मोडून, कर्ज काढून ती विकत घेतली होती. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींच्या प्रकरणात पालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे स्थावर संपदा प्राधिकरणाची नोंदणी मिळविण्यात आली. ग्राहकाने शासनाच्या संकेतस्थळावर पाहून खात्री केली आणि तीच खात्री खोटी निघाली! शासनाच्या एका खात्याने दुसऱ्या खात्याला एक साधी विचारणा केली असती, तर हजारो कुटुंबे वाचली असती. बांधणारा पैसा घेऊन गेला, डोळे मिटणारा निवृत्त झाला, हातोडा पडला तो शेवटच्या माणसाच्या छपरावर. गरिबांची कणव खरी असेल, तर विकास आराखड्यातील घरबांधणीची आरक्षणे वेळेत ताब्यात घेऊन तेथे परवडणारी घरे उभी केली पाहिजेत. आरक्षणे बळकावू द्यायची आणि मग करुणेच्या नावाने ती नियमित करायची, यात करुणा नाही, मतांचा हिशेब आहे.

शहरात बळी पडतो तो इमारतीखाली. डोंगरात मात्र भूमीच अंगावर येते आणि तेथील बेपर्वाई तर अधिकच खोल आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराच्या कड्याखाली गाडले गेले. १५१ जण मृत्युमुखी पडले. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर आली ती त्या मार्गाने निघालेल्या एसटीच्या चालकामुळे. अतिवृष्टी हे निमित्त होते; पण उतारावर यंत्रे लावून केलेले सपाटीकरण हेही कारणांपैकी एक असल्याचे अनेक जाणकारांनी त्या वेळीच मांडले होते. पुढे शासनाने आमडे येथे नवे माळीण वसविले. एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या गावातील रस्ते खचले, भरावाला तडे गेले. ज्या चुकीने जुने गाव गेले, तीच उतार कापण्याची आणि भराव टाकण्याची चूक नव्या गावाच्या पायात घातली गेली होती. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांना बेपत्ता घोषित करून शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते, असे त्या वेळी शासनानेच सांगितले. यादी करणाऱ्यांनी डोंगर पाहिला होता की केवळ आधीची यादी, हे त्यावरून ज्याने त्याने समजून घ्यावे.

सह्याद्रीच्या उतारावरील माती बांधून ठेवणारी गवताची, झुडपांची आणि वृक्षांची मुळे एकदा उपटली की तिला धरून ठेवणारे काही उरत नाही. पायथा कापला की वरच्या थराचा आधार जातो; वर रस्ता किंवा भूखंड काढला की पाण्याची नैसर्गिक वाट बंद होऊन ते भेगांत मुरते; आणि मुरलेल्या पाण्याने जड झालेला थर एका रात्री सुटतो. हे शाळकरी मुलालाही समजेल. म्हणूनच एक पंचमांशाहून तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम आपल्या नगररचनेत आहे. परंतु डोंगर फोडणाऱ्याला आपली व्यवस्था कशी पाहते? महसूल खाते येते, किती ब्रास मुरूम काढला ते मोजते आणि जमीन महसूल संहितेतील गौण खनिजाच्या कलमाखाली दंड ठोठावते. म्हणजे डोंगराचा कडा तुटला याचे दुःख नाही, मुरुमाचे स्वामित्वधन बुडाले याचे दुःख आहे! दंड भरला की सपाट झालेला भूखंड शिल्लक राहतो आणि त्याची किंमत दंडाच्या कितीतरी पट असते. जून २०१३ मध्ये कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ अशाच फोडलेल्या टेकडीवरून आलेल्या लोंढ्यात महामार्गावरील एक माता आणि तिची चिमुकली वाहून गेली. त्यांच्या प्राणांचे मोल कोणत्या ब्रासमध्ये मोजायचे? सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने पुन्हा वीसहून अधिक बळी घेतले. वरच्या टेकड्या सोललेल्या आणि खालचे ओढे आवळलेले असतील, तर पाणी आपली वाट माणसांच्या घरांतूनच काढणार.

आपल्या पूर्वजांना हे शहाणपण कोणा तज्ज्ञ समितीकडून घ्यावे लागले नव्हते. गावोगावच्या देवरायांनी डोंगरमाथ्यावरची माती आणि झरे शतकानुशतके राखले. तेथील काटकीही तोडायची नाही, हा दंडक कोणत्याही निरीक्षकावाचून पाळला गेला. शेताच्या ताली आणि बांधबंदिस्ती ही गावाची सामायिक जबाबदारी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या संमतीवाचून तिच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे. स्वराज्य या शब्दाचा हा अर्थ होता. आज त्याच सह्याद्रीसाठी माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये आला. पहिली मसुदा अधिसूचना २०१४ मध्ये निघाली आणि सहावी जुलै २०२४ मध्ये, वायनाडच्या डोंगराने शेकडो बळी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी. अहवालांतील प्रत्येक शिफारस मान्य असण्याचे कारण नाही, घाटातील शेतकऱ्याच्या शंका खऱ्या आहेत. पण दहा वर्षे केवळ मसुदेच काढत राहणे हा शेतकऱ्याचा कळवळा नव्हे. या काळात डोंगर विकले गेले ते शेतकऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे, दुय्यम निवासांच्या जाहिरातींसाठी.

सारा दोष नगरसेवकांचा, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२० ते २०२२ या काळात मुदती संपल्यावर राज्यातील बहुसंख्य महापालिकांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात अनधिकृत मजले चढायचे थांबले काय? रोग खुर्चीवरील व्यक्तीत नाही, उत्तरदायित्वाच्या अभावात आहे.

उपाय अज्ञात नाहीत. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात निर्देश दिले आहेत की, भोगवटा वा पूर्णत्वाचे प्रमाणपत्र पाहिल्यावाचून वीज, पाणी, मलनिःसारण यांची जोडणी देऊ नये आणि चुकीचे प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई व्हावी. त्याच्या महिनाभर आधी, पंधरा दिवसांची नोटीस दिल्याखेरीज कोणाचे घर पाडू नये, असेही त्याच न्यायालयाने बजावले. दोन्ही निर्देश एकत्र वाचले पाहिजेत. बुलडोझर हा शिक्षेचा वा सूडाचा रथ होता कामा नये आणि कायदा दुबळाही दिसता कामा नये. पाया खोदतानाच काम थांबविले, तर बुलडोझरची वेळ येणारच नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. यापुढे नियमितीकरणाची कोणतीही नवी तारीख दिली जाणार नाही, असे विधिमंडळाने कायद्यानेच बांधून घ्यावे. प्रत्येक प्रभागात ज्याच्या कार्यकाळात पाया खोदला गेला, त्या अधिकाऱ्याचे नाव इमारतीच्या नोंदीत कायम राहावे, त्याची बदली झाली तरी आणि तो निवृत्त झाला तरी. दस्त नोंदविताना मंजूर नकाशाची खातरजमा थेट पालिकेकडून व्हावी. डोंगर फोडणे हा मुरूमचोरीचा किरकोळ गुन्हा न राहता, मूळ उतार पूर्ववत करण्याची सक्ती फोडणाऱ्यावर असावी. आणि दरवर्षी मृगापूर्वी भूशास्त्रज्ञाने उतारांची पाहणी करून धोक्याच्या वाड्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी, तीत आपली वाडी नसेल तर ती घालण्याचा अधिकार ग्रामसभेला असावा.

शेवटी, हे सारे शासनावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. स्वस्त मिळते म्हणून कागद न पाहता सदनिका घेणारा, आपला वाढीव मजला तेवढा नियमित व्हावा म्हणून नगरसेवकाकडे खेटे घालणारा आणि टेकडीवरच्या बंगल्याचे कौतुक करणारा समाजही या पापाचा भागीदार आहे. भूमीला आपण माता म्हणतो. तिच्या कडेकपारी विकून, तिच्या ओढ्यांवर पायऱ्या चढवून नंतर तिची ओटी भरण्यात काय अर्थ? पुढील आषाढ यायचाच आहे. त्यापूर्वी आपल्या प्रभागात आणि आपल्या गावाच्या डोंगरावर कोणते काम कोणाच्या परवानगीने चालू आहे, एवढे जरी प्रत्येक जागरूक नागरिकाने लेखी विचारले, तरी पुष्कळ काही वाचेल.