वय १९ लिहिलं म्हणून बीपी उतरत नाही

बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर ऊसतोडीला निघालेल्या एका मुलीचं गरोदरपणाचं कार्ड पाहिलं. वय १९. धाकटी बहीण बोलून गेली, "ताईनं औंदाच दहावी सोडली." सहावा महिना, आणि कार्डावर बीपीची एकही नोंद नाही.

हे खोटं वय कशापायी लिहिलं जातं, आपल्याला ठाऊक आहे. अठराच्या आतली मुलगी गरोदर दिसली की पोक्सोखाली पोलिसांना कळवणं दवाखान्याला बंधनकारक. मग घरचे एक तर वय वाढवतात, नाहीतर दवाखानाच टाळतात. कायदा मुलीसाठी आणि भीतीही मुलीच्याच वाट्याला!

गरोदरपणात रक्तदाब कोणाचा चढेल, याचा अंदाज म्हणजे ज्योतिष नव्हे. पहिलटकरीण असणं हीच एक जोखीम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयाच्या मातांना झटक्यांचा धोका २० ते २४ वयाच्या बायांपेक्षा जास्त. कोवळ्या पोरीचं बीपी मुळातच कमी असतं. तिसऱ्या महिन्यात ९०/६० असलेली सातव्यात १३०/८५ वर आली, तर १४०/९० ची रेषा ओलांडली नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पण पहिली नोंदच नसेल तर चढलं किती, हे सांगणार कोण? जोखीम लवकर कळली तर डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन साधारण १२ ते १६ आठवड्यांत सुरू करतात. सहाव्या महिन्यात ती वेळ गेलेली असते. मग फडावर झटके येतात आणि लोक "बाहेरचं झालं" म्हणून देवऋषाकडे धावतात.

आता आपल्याबद्दल. बालविवाह रोखला की आपण फोटो टाकतो. जिचा रोखता आला नाही, तिच्या दारात पुन्हा जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ मध्ये बीडमधलं बालविवाहाचं प्रमाण ४३.७ टक्के आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल त्यावरच मिळते. तिथं नुसत्या भाषणानं लग्नं थांबत नाहीत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली, तेव्हा कामगार बाईच्या विश्रांतीचा प्रश्न त्यांनी राष्ट्रहिताचा मानला होता. आपण तो आशाताईवर ढकलून मोकळे.

टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधी प्रत्येक विहारात बीपीचं एक मशीन हवं, मोजायला शिकलेली एक मुलगी हवी, आणि कार्ड मुकादमाच्या नव्हे, बाईच्या पिशवीत हवं. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंडा-हाताला सूज आहे असं कोणी म्हटलं, तर त्याच दिवशी दवाखाना. खरं वय सांगितल्यावर पोलीस आले तर सोबत उभं राहायला वकील कोण, हे आपल्या शाखेच्या पुढच्या बैठकीत ठरवा.