अक्षराचा पाय मोडून पाहा

आमच्या मुलुंड पूर्वेच्या इमारतीत राहणारी एक तरुण आई परवा जिन्यात भेटली. मुलगा सिनिअर केजीत आहे. आवाज खाली आणून ती म्हणाली, "काकू, आता घरात मराठी बंद करायचं ठरवलंय. मॅडम म्हणाल्या, घरी मराठी बोललात तर त्याचे साउंड्स पक्के होणार नाहीत." तिच्या शेजारी मुलगा कठड्यावर बोटं आपटत गृहपाठ म्हणत होता, "बअ, बअ, बअ."

तीस वर्षांहून जास्त काळ मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं आहे. त्या आईला जे सांगितलं गेलं ते चूक आहे, आणि त्या मुलाला जे शिकवलं जातं आहे तेही चूक आहे. या दोन चुका एकमेकींना धरून चालतात. शाळेचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण हेच वाक्य मी बोरिवलीत ऐकलं आहे, घाटकोपरला ऐकलं आहे, अंधेरीत एका क्लासच्या दारात उभं राहून ऐकलं आहे.

आधी मराठीने उच्चार बिघडतात या म्हणण्याकडे पाहू. इंग्रजीत व्यंजनांचे ध्वनी चोवीस मानतात. त्यातले बहुतेक मराठी मुलाच्या तोंडात आधीच आलेले असतात. खरी अडचण चार-पाच ठिकाणी येते. 'थिंक' आणि 'दिस' यांच्या सुरुवातीला जीभ दातांमध्ये येऊन हवा घासत जाते. आपले थ आणि द तसे नाहीत. 'मेझर'च्या मधला ध्वनी आपल्याकडे नाही. 'व्हॅन' आणि 'वॉच' यांची सुरुवात वेगळी आहे, आपला व त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा प, ट, क थोडी हवा सोडून येतो, आपला कोरडा येतो. एवढ्या यादीसाठी घरातली भाषा बंद करायची?

उलट मराठीने या मुलाचे कान किती तयार केले आहेत ते पाहा. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च तो कधी गोंधळत नाही. 'सगळं जग' मधला जग आणि 'पाण्याचा जग' लिहायला सारखेच, पण चार वर्षांचं मूल ते वेगळे बोलतं आणि वेगळे ऐकतं. पहिल्या जगातला ज झेडच्या अगदी शेजारी राहतो, दुसऱ्यातला जे अक्षराचा आहे. म्हणजे ज्या दोन ध्वनींसाठी क्लासमध्ये रंगीत कार्डं विकत घेतली जातात, ते दोन्ही या मुलाने आजीच्या मांडीवर बसून मिळवलेले आहेत. कोणीतरी त्याला एवढंच दाखवायचं असतं, की बाळा, हे तुझ्याकडे आहे.

आपल्या वर्णमालेची मांडणीच तोंडाच्या रचनेवरून केलेली आहे. क ते ङ कंठाशी, च वर्ग तालूशी, मग मूर्धा, मग दात, मग ओठ. प्रत्येक ओळीत आधी अघोष, मग घोष, शेवटी नाकातला. केंब्रिजचे भाषाशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३ साली प्राचीन भारतीय ध्वनिशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय ध्वनिशास्त्राने या परंपरेकडून किती घेतलं, हे त्यात त्यांनी दाखवलं आहे. घशावर हात ठेवून प आणि ब म्हणायला लावणं ही फोनिक्सच्या, म्हणजे ध्वनीवरून वाचन शिकवण्याच्या, कुठल्या परदेशी संचातली युक्ती नाही. अघोष आणि घोष हे शब्द आपल्याकडे त्याच अनुभवाला दिलेले आहेत.

आता त्या 'बअ'कडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे आणि तो मला टाळायचा नाही.

अक्षर वाचणारं मूल ध्वनी सुटा ऐकत नाही, स्वरासकट ऐकतं. आपला ब म्हणजे ब आणि अ. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनावर २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसतं : अशा लिप्यांमध्ये सुट्या ध्वनीची जाण अक्षराच्या जाणिवेपेक्षा उशिरा आणि सावकाश येते. तेव्हा समोरचा म्हणू शकतो, पाहा, तुमची लिपीच आड येते. बअ, ॲ, टअ असं म्हणत मूल 'बॅट'पर्यंत पोचणार कसं?

ते पोचत नाहीच. वर्गात मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. मूल तिन्ही तुकडे स्वच्छ म्हणतं, मग माझ्या तोंडाकडे बघत राहतं, कारण 'बअॲटअ' असा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नाही. पण यात लिपीचा दोष नाही. व्यंजनातला अ काढून कसा टाकायचा हे देवनागरी लिपी स्वतःच शिकवते. त्याला आपण पाय मोडणं म्हणतो.

एका वर्षी वर्गात एक मुलगा होता, आठवड्याभरापासून 'बअ'शी अडलेला. मी फळ्यावर ब काढला आणि त्याला खडू दिला, म्हटलं, मोड त्याचा पाय. त्याने खाली तिरकी रेघ ओढली. म्हटलं, आता हा उभा राहू शकत नाही, आता म्हण. त्याने ओठ मिटले, दाबले, आणि उघडता उघडता थांबला. आवाज अर्धाच आला. मी पुढे ॲ लिहिला, त्यापुढे पाय मोडलेला ट. तो ओठ मिटलेल्या अवस्थेतून सरळ ॲ मध्ये घुसला आणि ट वर जीभ आपटून थांबला. मग मागे वळून वर्गाला ओरडून म्हणाला, "बॅट!" त्याच फळ्यावर शेजारी मी बी, ए, टी ही तीन रोमन अक्षरं लिहिली. पुढच्या दहा मिनिटांत त्याने कॅट आणि मॅट स्वतः वाचले.

बाराखडी म्हणजे तरी दुसरं काय आहे? क तसाच ठेवून स्वर बदलत जायचा. का, कि, की, कु. व्यंजन आणि स्वर वेगळे करण्याचं हे रोजचं यंत्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात आहे. ते आपण घोकंपट्टीला जुंपलं आणि मग फोनिक्सच्या क्लासला फी भरायला निघालो.

"देवनागरीत इंग्रजी शब्द लिहून दिले तर चुकीच्या उच्चाराची सवय लागते" असंही म्हणतात. यात तथ्य थोडं आहे. टेबलच्या सुरुवातीचा ट आणि इंग्रजी ट एक नाहीत. आपला ट जीभ मागे वळवून येतो, त्यांचा हिरडीवर. म्हणून देवनागरीची शिडी पहिल्या काही आठवड्यांचीच ठेवावी, मग काढून घ्यावी. पण ती शिडी कच्ची मात्र नाही. 'व्हॅन' आणि 'वॉच' असं वेगळं लिहिण्याची पद्धत मराठीने कधीच पाडली आहे. बॅट आणि बॉल यांच्यासाठी ॲ आणि ऑ आपण घडवले, आणि २००९ सालच्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत बसवले. मुलाला आरसा द्यावा, 'व्हॅन' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागला का आणि 'वॉच' म्हणताना ओठ गोल झाले का, ते बघायला सांगावं. वर्तमानपत्राची एक पट्टी तोंडासमोर धरावी : 'बाबा'ला ती हलत नाही, 'भाऊ'ला हलते. मग 'पेन' म्हणायला सांगावं आणि पट्टी जराशी थरथरेपर्यंत पुन्हा म्हणू द्यावं. एका दुपारचं काम आहे.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. मराठी शाळांवर जीव असलेले माझे कित्येक स्नेही म्हणतात, फोनिक्स वगैरे थोतांड आहे, आम्ही पाचवीत एबीसीडी शिकलो, काय बिघडलं? ज्यांचं बिघडलं ते हे सांगायला समोर येत नाहीत. सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, असं ओरडत आम्ही स्पेलिंगं पाठ केली. सी, ए आणि टी या नावांमधून कॅटचा आवाज निघत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ज्यांची पाठांतरशक्ती चांगली ते तरले. बाकीचे दहावीला इंग्रजीत अडकले आणि आयुष्यभर स्वतःला मठ्ठ समजत राहिले. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं. तो निर्णय मुलं लहान आहेत म्हणून फसण्यासारखा नव्हता. पण ध्वनी कसे शिकवायचे ही तयारी किती बाईंना मिळाली? माझ्या वर्गात तरी कित्येक वर्षं तीच सी-ए-टी चालू होती, आणि चालवणारी मीच होते.

ध्वनीवरून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीला चांगला आधार आहे. अमेरिकेत २००० साली राष्ट्रीय वाचन मंडळाने तो मान्य केला, इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालाने. पण या अहवालांमधली एक गोष्ट आपल्या उपनगरांत येता येता गळून पडते. इंग्लंडमधलं पाच वर्षांचं मूल एस, ए, टी जुळवून 'सॅट' वाचतं तेव्हा तो शब्द त्याच्या कानात आधीपासून असतो. वाचन त्याला ओळखीच्या घराचं दार उघडून देतं. रोझ अहवालाने म्हणूनच बोलण्या-ऐकण्यावर भर दिला होता. भांडुपच्या चाळीतलं मूल तोच 'सॅट' बरोबर वाचतं आणि त्याला काहीच मिळत नाही. दारामागे खोलीच नसते. अडीच वर्षांच्या मुलाला, ज्याच्याकडे इंग्रजीचे दहा शब्द नाहीत, सुटे ध्वनी म्हणायला लावणं म्हणजे रिकाम्या घराच्या किल्ल्या देणं आहे.

मग शब्द कुठून आणायचे? ते आपल्या घरात पडलेले आहेत. बस, कप, मग, टब, पिन, पेन, नेट, बॅग, बॅट, फॅन, गॅस, जॅम. हे बारा शब्द मुंबईतलं मराठी मूल शाळेत जाण्याआधी बोलतं, त्यांचा अर्थ त्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही, आणि प्रत्येकात तीनच ध्वनी आहेत. यातून प, ब, म, न, ट, क, ग, स, फ, ज अशी दहा व्यंजनं हाती येतात. परदेशी संचातला क्रम तिथल्या मुलांसाठी बांधलेला आहे. आपला क्रम आपल्या स्वयंपाकघरातून बांधायला काय हरकत आहे? मी शेवटची काही वर्षं याच शब्दांनी सुरुवात केली. गॅसचं चित्र काढावं लागलं नाही.

यात नवीन काही आहे असा माझा दावा नाही. अक्षराचं नाव न सांगता त्याचा ध्वनी सांगणं, खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवत तो उच्चारणं, ही माँटेसोरींची रीत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे आणली. नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या आणि त्यांनी बालशिक्षण गरिबांच्या दाराशी नेलं. आणि हे सगळं त्या मुलांच्या भाषेतून करत होत्या. ध्वनीचं शिक्षण आणि मातृभाषा यांत वैर आहे ही समजूत त्यांच्या डोक्याला शिवलीसुद्धा नसती.

पालकांना मी दोष देत नाही. इंग्रजी आलं नाही तर पोराची नोकरी जाईल ही भीती खरी आहे. तीच ओळखून महापालिकेनेही, जी आठ भाषांमधून शाळा चालवते, मुंबई पब्लिक स्कूल काढल्या आहेत. पण या भीतीवर जे व्यवसाय उभे राहिले आहेत त्यांनी आईला घरात गप्प बसवू नये. जी आई मोडक्या इंग्रजीत 'कम, ईट, गो' एवढंच बोलू लागते, ती मुलाला गोष्ट सांगायची थांबते, का आणि कसं यांची उत्तरं द्यायची थांबते. त्या मुलाला इंग्रजीही मिळत नाही आणि मराठीही सुटते. हे नुकसान मी दुसरीच्या वर्गात बसलेलं पाहिलं आहे : उच्चार नीट, वाचन भराभर, आणि वाचलेल्या ओळीत काय झालं हे विचारलं की शांतता.

जिन्यातल्या त्या आईशी मी हे सगळं बोलले नाही. तिला एवढंच म्हटलं, रविवारी त्याला घेऊन ये, आपण लोकलने दादरला जाऊ. प्रत्येक फलाटावर नाव देवनागरीतही असतं आणि रोमनमध्येही. खिडकीत बसून मुलगा वाचत गेला. भांडुपच्या पाटीवर बी नंतर एच दिसला, घाटकोपरला जी नंतर एच. मी कागदाची पट्टी काढली, त्याने भ आणि घ म्हणून ती हलवली. मुलुंडमधला डी आणि दादरमधला डी एकच, पण जीभ वेगळ्या जागी जाते, हे त्याचं त्यालाच कळलं आणि तो आईला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत राहिला. आई त्याला मराठीतच विचारत होती, जीभ कुठे लागली, दाताला की वर?

परतताना त्याने विक्रोळीची पाटी वाचली. मराठीत क, आणि रोमनमध्ये के नंतर एच. त्याने पट्टी तोंडासमोर धरली, 'विक्रोळी' म्हटलं, पट्टी हलली नाही. पुन्हा म्हटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, पाटी चुकलीय."