निम्म्या विजेचा जमाखर्च

मागच्या रविवारी भीमेकाठच्या एका वस्तीवरून एक आजी नातवाला घेऊन आमच्याकडे आल्या. नातवाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा आहे. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के जागा असतात. आपल्या कर्जत तालुक्याची हद्द भीमेनेच आखली आहे, पलीकडे पुणे जिल्हा. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि त्याचे पाणी मागे सरकत आपल्या हद्दीला लागले. आजींचे छपर त्यात गेले. जमीन नावावर कधी नव्हतीच, दुसऱ्याच्या रानात खुरपणी हीच कमाई. "भाऊसाहेब, घर बुडालेलं साऱ्या गावानं पाहिलं, मग कागद कशाला?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, नदीच हद्द असलेले असेच एक धरण दक्षिण अमेरिकेत आहे, पण तिथली हद्द दोन देशांची. पराना नदीच्या एका काठाला ब्राझील, दुसऱ्याला पॅराग्वे. १९७३ साली दोघांनी करार केला आणि इताइपू धरण बांधले. आपल्या उजनीवर १२ मेगावॅटचे वीजघर आहे, तिथे ७०० मेगावॅटचे एकेक यंत्र, अशी वीस! वीज निम्मी-निम्मी. पॅराग्वे देश लहान, त्याला एवढी वीज लागत नाही. उरलेली ब्राझीललाच द्यायची, असे करारात लिहिलेले. भावावरून दोघांची कुरबुर वर्षानुवर्षे चालली. आम्ही पडलो कारकून, असा जमाखर्च दिसला की डोळे घालून वाचतो.

पण त्या वहीत एक खाते उघडलेच नव्हते. १९८२ साली पाणी भरले तेव्हा नदीकाठची गुआरानी आदिवासींची वस्ती त्याखाली गेली. त्यांच्याकडेही जमिनीचे कागद नव्हते, म्हणून पुष्कळ कुटुंबे मोजणीत आलीच नाहीत. मात्र ते गप्प बसले नाहीत. ब्राझीलच्या बाजूला प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२५ साली त्यांच्यासाठी ३,००० हेक्टर जमीन विकत घेण्याचा करार झाला. त्रेचाळीस वर्षे! बुडाली तेव्हाची तान्ही मुले आता आजोबा झाली असतील.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा १९४५ साली दामोदर नदीसाठी बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांना त्यांनी कलकत्त्याला एका बैठकीत बसवले. हद्दीवरची नदी दोघांनी मिळून वापरावी, पूरही आवरावा आणि वीजही करावी, हा त्यांचा आग्रह. धरणाला आमचा विरोध नाही. आजींच्या घरातही आज दिवा जळतो. प्रश्न आहे तो खाते उघडण्याचा.

दाखला मिळेलच असे आम्ही आजींना सांगितले नाही. त्या वेळच्या मतदारयादीची नक्कल आणि त्यांच्या थोरल्या मुलाच्या शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा, एवढे आणायला सांगितले आहे. शाळाही पाण्यात गेली होती, पण रजिस्टर नव्या गावठाणात नेले होते, असे आजी म्हणतात. येत्या शनिवारी नातवाबरोबर आम्ही तिकडे जाणार आहोत.