नळीची भीति

अन्न गिळतांना अडूं लागलें, रक्ताची उलटी झाली, तरी आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ माणसें दवाखान्यांत जाण्याचें टाळितात. कारण विचारिलें असतां उत्तर मिळतें, “डॉक्टर घशांत नळी घालतील.” ही भीति अगदींच निराधार नव्हे. १८६८ सालीं कुसमौल नामक जर्मन वैद्यानें जिवंत मनुष्याचें जठर पाहाण्याचा यत्न केला, तेव्हां त्याची नळी धातूची व ताठ होती. ती गिळावयास तलवार गिळण्याचा खेळ करणारा मनुष्य शोधावा लागला!

परंतु ते दिवस गेले. काचेच्या तंतूंत शिरलेला किरण आंतल्या भिंतीवर तिरपा आपटतो, बाहेर न पडतां परत फिरतो, आणि तंतु वांकला तरी त्याच्याबरोबर वांकत जातो. दहावीचे विद्यार्थी ज्याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून पाठ करितात, तें हेंच. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडन येथें हॉपकिन्स यांच्यासह अशा हजारों तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पाठवून दाखविलें. तो निबंध १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. १९५७ सालीं अमेरिकेंत डॉ. हिर्शोविट्झ यांनीं तसल्या तंतूंची लवचिक दुर्बीण प्रथम स्वतःच्या घशांत उतरविली व मगच रोग्याच्या. वैद्याची ही रीति आम्हांस फार आवडते.

आज बहुतेक दुर्बिणींच्या टोंकाशीं सूक्ष्म कॅमेरा असतो. तथापि वॉशिंग्टन विद्यापीठांत सायबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याहून बारीक वाट काढिली. जुडगें नाहीं, एकच तंतु. त्याचें टोंक सेकंदास सुमारें ५००० वेळां थरथरत चक्राकार फिरतें, लेसरचा ठिपका आंतील त्वचेवरून ओढतें, आणि परतलेल्या प्रकाशांतून सेकंदास सुमारें ३० चित्रें उभीं राहातात. सर्व मिळून जाडी सव्वा मिलिमीटरच्या आंतबाहेर! हेंच यंत्र गोळीएवढ्या कुपींत बसवून, गुंगीचें औषध न देतां, पाण्याच्या घोटाबरोबर गिळवूनही पाहिलें आहे. अर्थात् मांसाचा तुकडा काढावयाचा झाल्यास जाड नळीच लागते.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले. आमचें मत उलट आहे. गुंगी दिलेल्या रोग्याबरोबर सोबतीस मनुष्य लागतो, आणि त्या दिवशीं कामावर जातां येत नाहीं. सालेकसा-देवरीकडील मजुराचे रोवणीच्या हंगामांत असे दोन रोज बुडाले तर घरांतील चूल अडते. बारीक यंत्राची खरी गरज त्यालाच. देवानें झांकलेला शरीराचा अंतर्भाग उघडून पाहूं नये, असें म्हणणारे भाविकही आम्हांस भेटतात. ज्यानें प्रकाशाला काचेंत वळावयास शिकविलें त्यानेंच वैद्याला डोळा दिला, एवढेंच आम्ही त्यांस सांगतों.

आणखी एक गोष्ट पालकांस सांगावयाची आहे. खर्रा खाणाऱ्याचें तोंड तपासावयास कोणतीही नळी लागत नाहीं. साधी बॅटरी व उघडें तोंड पुरे. तोंडांतील पांढरा वा तांबडा चट्टा अथवा व्रण तीन आठवडे राहिला, जबडा पुरता उघडेनासा झाला, तर त्याकरितां नागपूरचें तिकीट काढावें लागत नाहीं. गोंदियास २०१६ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तालुक्याचें सरकारी रुग्णालय तर त्याहूनही जवळ आहे.